तत्त्वज्ञानाला विद्यावेतन कशाला?

तत्त्वज्ञानात पीएचडी करायची आहे आणि त्यासाठी विद्यावेतनही मिळते आहे, असे रत्नागिरी जिल्ह्यात लांज्याच्या एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर घरचे, शेजारचे आणि कॉलेजातलेही लोक जवळजवळ एकाच सुरात बोलतात. बीएड कर, तलाठ्याच्या परीक्षेला बस, बँकेचे फॉर्म भर. ऐन उमेदीची पाच वर्षे यात कशाला घालवतेस? सूर काळजीचा असतो, पण त्याच्यामागे एक पक्के मत उभे असते. ते मत काही लांज्यापुरते नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या राज्याच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहात केला होता. त्यावर बराच गदारोळ झाला. पण तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत तो रोज विचारला जातो, आणि पीएचडी तत्त्वज्ञानातली असेल तर विचारलाही जात नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते.

या मताचे खंडन मला करायचे आहे. पण पूर्वपक्ष लेचापेचा मांडून तो पाडण्यात काही अर्थ नाही. म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो: तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा मुळातच मोजक्या. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, आणि विषय चालू असतो तिथेही तासिका तत्त्वावर कोणाला तरी घेऊन काम भागवले जाते. म्हणजे पाच वर्षांनी हाती पदवी येईल, पगार येईलच असे नाही. दुसरे, हा पैसा करदात्यांचा आहे. इंजिनिअर पूल बांधतो, कृषी विद्यापीठातला संशोधक आंब्याची नवी जात काढतो. तत्त्वज्ञानाचा संशोधक समाजाला परत काय देतो? तिसरे, खरे चिंतन अनुदानावर होत नाही. ज्ञानेश्वरांना कोणती फेलोशिप होती? टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले, पां. वा. काण्यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. ज्याला विचार करायचा असतो तो कुठेही करतो. आणि चौथे, प्रत्यक्षात जे प्रबंध होतात ते बहुतेक बढतीसाठी लिहिलेले, ग्रंथालयात धूळ खात पडलेले असतात.

यातला एकही मुद्दा बिनबुडाचा नाही. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, आणि तो एकाच जागी चुकतो. विद्यावेतन म्हणजे विद्यार्थ्यावर केलेला उपकार, असे हे चारही मुद्दे गृहीत धरून चालतात. माझे म्हणणे असे की ते कामाचे वेतन आहे आणि ते काम समाजाला लागते. हे वेतन बंद केले तर तत्त्वज्ञान बंद पडणार नाही, फक्त ज्यांच्या घरी पिढीजात सुबत्ता आहे त्यांच्यापुरते ते उरेल.

पोटाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तोच घरात सगळ्यात मोठ्या आवाजात विचारला जातो. यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्यावर महिना ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांचे नुसते विद्यावेतन २४ लाख रुपये होते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या याच धर्तीवर आहेत. शिवाय भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद खास तत्त्वज्ञानासाठी फेलोशिप देते. बीए, एमए झालेल्या मुलीला लांज्याच्या बाजारपेठेत किंवा रत्नागिरीत सुरुवातीला महिना ३७,००० रुपये देणारी किती कामे आहेत, हे काळजी करणाऱ्यांनीच मोजून पाहावे. या पैशातून घरी पैसे पाठवताही येतात, आणि मुंबईहून येणाऱ्या पैशांवर घरे चालवलेल्या कोकणाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

याच घरातला मुलगा पुण्याला सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीची तयारी करायला जातो. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, क्लासची फी, अभ्यासिकेची फी, सगळे गावाहून जाते. तीन वर्षे, चार वर्षे, कधी त्याहून जास्त. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, हे त्यालाही ठाऊक असते. परीक्षा साधली नाही तर त्या वर्षांत पाठ केलेल्यातले फारसे काही पुढे कामाला येत नाही. मी त्या मुलांना दोष देत नाही. त्यांच्यातले कितीतरी माझ्या जवळचे आहेत. मला दिसते ती मोजमापातली विसंगती. घरचे पैसे खर्चून, हमी नसलेल्या जागेसाठी घालवलेली वर्षे ‘तयारी’ ठरतात. दरमहा वेतन घेऊन, एक पूर्ण काम हातावेगळे करण्यात गेलेली वर्षे ‘वाया’ ठरतात. पोटाचा हिशेबच करायचा असेल तर तो दोघांनाही सारखाच लावला पाहिजे.

इथे एक रेघ मात्र स्पष्ट ओढतो. घरची परिस्थिती बेताची असताना, विद्यावेतन नसताना, कर्ज काढून किंवा आईबापांच्या जिवावर तत्त्वज्ञानाची पीएचडी करू नये. अमेरिकेतल्या चांगल्या तत्त्वज्ञान विभागांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याची फी माफ असते आणि शिकवण्याच्या कामाबद्दल त्याला दरमहा पैसे मिळतात. तिथले अनुभवी लोकही सांगतात की हे मिळत नसेल तर जाऊ नका. नेदरलँड्समध्ये तर डॉक्टरेट करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारीच असतो. वेतनाशिवाय करू नये, हा सल्ला मला मान्य आहे. आपल्याकडचे मत त्याच्या पुढे जाऊन म्हणते की वेतन मिळाले तरी करू नये, आणि तिथे माझा विरोध आहे. पाच वर्षांनंतर प्राध्यापकी मिळेल असे आश्वासन कोणी कोणाला देऊ नये. पण रस्त्याच्या कामावर पाच वर्षे राबलेल्या माणसाला पुढे तोच रस्ता सांभाळायची नोकरी मिळाली नाही, म्हणून त्याची मजुरी फुकट गेली असे आपण म्हणत नाही.

आता करदात्यांच्या पैशाबद्दल. सार्वजनिक पैशातून अभ्यास करणाऱ्याला पोसावे का, आणि कोणाला पोसावे, हा वाद महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांचा आहे. पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती एकदम मोडली नाही. तिच्यातल्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली. १८४९ मध्ये पुण्यातल्या तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की हा पैसा ब्राह्मणांपुरता न ठेवता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिण्याकडे वळवावा. लोकहितवादी त्यांत पुढे होते. सनातन्यांचा विरोध इतका कडवा होता की अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव फुल्यांनी माणसे उभी केली. त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. रा. गो. भांडारकरही होते, आणि ते मालवणचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील महसूल खात्यात कारकून, शाळा रत्नागिरीची. कारकुनाच्या घरातून आलेल्या मुलाला ग्रंथांत बुडून राहता आले, याला त्या फेलोशिपचा हातभार होता. पुण्यात ज्या संस्थेला त्यांचे नाव आहे तिच्याकडे आज जगभरातले अभ्यासक येतात.

या निधीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राईझ कमिटीकडे पाठवले, आणि ते स्वीकारले गेले नाही. पैसा सार्वजनिक असला तरी तो वाटणाऱ्या समितीवर कोण बसते यावर पुढचे ठरते. विद्यावेतनाच्या विरोधकांनी हा मुद्दा धरला असता तर मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो असतो. पण निवड सुधारा असे ते म्हणत नाहीत, देणेच बंद करा म्हणतात.

दुसरे उदाहरण याच रत्नागिरी जिल्ह्याशी बांधलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. करार असा होता की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजूही झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, तिथूनही हाकलले गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार असा मोडला. ‘समाजाला परत काय मिळाले’ हा प्रश्न बडोद्याच्या खतावणीपुरता विचारला तर ती शिष्यवृत्ती पूर्ण बुडीत खात्यात गेली. यापुढे काही सांगायची गरज नाही. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, हे मी विसरलेलो नाही. पण कोलंबियात ते जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसले, आणि जातिनिर्मूलनावरच्या १९३६ च्या, कधी करूच न दिलेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचे ऋण नाव घेऊन मान्य केले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञानाच्या वर्गात काय वेचावे, हे कोणत्याही संस्थानाच्या दिवाणाला आधी ठरवता आले नसते.

आणि नेमके तत्त्वज्ञानाचेच उदाहरण हवे असेल तर अमळनेरला जावे लागेल. खानदेशातले गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. निवडक अभ्यासकांना तिथे राहून, पोटाची चिंता न करता तत्त्वज्ञान करता यावे हा हेतू. घनश्यामदास मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी तिथे एकत्र बसून अज्ञान या संकल्पनेवर वाद घातला आणि १९३३ मध्ये त्याच नावाचा ग्रंथ काढला. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत त्या संस्थेचा संचालक होता. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी हे घडले, आणि याची आठवण लांज्यासारख्या तालुक्याच्या गावाने जरूर ठेवावी. त्याच अमळनेरला दापोली तालुक्यातल्या पालगडचा एक तरुण तत्त्वज्ञान शिकायला गेला: पांडुरंग सदाशिव साने. तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला नाही. १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत शिक्षक झाला, वसतिगृहाच्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढू लागला, सहा वर्षांनी चळवळीत गेला. आजच्या हिशेबाने ‘विषयात प्लेसमेंट नाही’. साने गुरुजी अमळनेरमुळेच घडले असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येणार नाही. पण १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसलेला माणूस अद्वैताचा अर्थ काय, तो आचरणात कसा उतरतो, हा प्रश्न नुसत्या भावनेने विचारत नव्हता. त्याने तो अभ्यासलाही होता.

इतिहास झाला. पण ‘परत काय देतो’ याचे उत्तर थोरांच्या नावांनी देऊन भागत नाही, कारण सगळे साने गुरुजी होत नाहीत. साध्या, मेहनती संशोधकाच्या हातून काय होते ते पाहू.

लांजा-राजापूरचे कातळसडे मे महिन्यात पाहावेत. तापलेला तांबडा-काळा जांभा, फटींतून वाळलेले गवत, नजर जाईल तिथपर्यंत ओसाड. तोच सडा ऑगस्टात पाहावा: खळग्यांत साचलेले पाणी, त्यात बेडकांची पिल्ले, आणि कातळावर वितभर मातीच्या आधाराने उगवलेली निळीजांभळी सीतेची आसवे. आता समजा, एखाद्या प्रकल्पासाठी मे महिन्यात सर्वेक्षण झाले आणि अहवालात लिहिले गेले की ‘दुर्मिळ वनस्पती आढळल्या नाहीत.’ वाक्य खरे आहे. त्यावरून ‘दुर्मिळ वनस्पती नाहीत’ असे म्हणता येते का?

या प्रश्नावर भारतीय दार्शनिकांनी शतकानुशतके वाद घातला आहे. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळते; पण कशाने कळते? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. कुमारिल भट्टाचे अनुयायी म्हणतात, अनुपलब्धी (न आढळणे) नावाचे ते एक स्वतंत्रच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहे. प्रभाकराच्या मते अभाव म्हणून निराळी वस्तूच नाही, आपल्याला दिसते ती नुसती मोकळी जमीन. बौद्ध धर्मकीर्ती अनुपलब्धीला अनुमानातला हेतू ठरवतो. यांची भांडणे कडवी आहेत. पण न दिसण्यावरून नसणे ठरवायला एक अट पाळावी लागते, यावर बहुतेकांचे एकमत होते: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. धर्मकीर्ती आणखी पुढे जातो. जी वस्तू देशाने, काळाने किंवा स्वभावाने आपल्यापासून दूर आहे, तिच्या न दिसण्यावरून तिचे नसणे ठरवता येत नाही. फार तर संशय शिल्लक राहतो. मे महिन्यातली सीतेची आसवे काळाने दूर आहेत. सातव्या शतकातल्या त्या अटीत आपला अहवाल नापास होतो.

हे मी इथे दहा वाक्यांत सांगितले. त्यामागे कोणाचे तरी एक वर्ष असते. ‘न्यायबिंदू’ आणि त्यावरची धर्मोत्तराची टीका लावून वाचायची, ‘श्लोकवार्तिका’तले अभावाचे प्रकरण त्याच्यासमोर ठेवायचे, कोण कोणाला उत्तर देतो आहे ते उलगडायचे, मग आजच्या संख्याशास्त्रात एखादी चाचणी असलेला फरक पकडण्याइतकी सक्षम आहे का हे कसे तपासतात ते शिकायचे, आणि शेवटी दोन्हींत खरोखर साम्य आहे की आपल्याला वरवर वाटते आहे, हे प्रामाणिकपणे ठरवायचे. कधी चार ओळींच्या मजकुरावर महिना जातो. हे काम संध्याकाळी दुकान बंद केल्यावर अर्ध्या तासात होत नाही. आणि हे काम कोणी केलेले नसेल तर सुनावणीत उभा राहिलेला शेतकरी ‘आम्हाला माहिती आहे, पावसात इथे सगळे असते’ एवढेच म्हणू शकतो, आणि समोरचा म्हणतो, पुरावा दाखवा. १९९६ मध्ये वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि आपले काम पर्यावरणाला घातक नाही हे सिद्ध करण्याचा भार ते काम करणाऱ्यावर टाकला. पुरावा कोणी द्यायचा आणि किती दिला म्हणजे पुरे, हा प्रमाणशास्त्राचा प्रश्न न्यायालयात येऊन उभा राहिला, तो असा.

कोकणात असे प्रश्न पावलोपावली आहेत. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही वारलेली, काहींचा पत्ताच नाही. या जमिनीला ‘संमती मिळाली’ म्हणजे नेमके काय झाले? ज्याचे नाव कागदावर नाही पण पिढ्यानपिढ्या जो ती कसतो, त्याची संमती लागते का? पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये. सह्याद्रीला लागून असलेल्या गावांत त्या दोन्हींवरून अजून भांडणे होतात. त्या अहवालांत आकडे वेगळे आहेतच, पण मुळातला मतभेद आकड्यांचा नाही. गाडगीळ अख्खा घाटच संवेदनशील मानून त्याचे कमीअधिक प्रतीचे पट्टे पाडतात आणि निर्णय ग्रामसभेपर्यंत न्यावा म्हणतात. कस्तुरीरंगन माणसाने घडवलेला भूभाग आणि नैसर्गिक भूभाग असे दोन वेगळे काढतात आणि सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील धरतात. माणसाने लावलेली काजूची बाग निसर्गात मोडते की नाही? ठरवायचे कोणी? उपग्रहाच्या चित्रांवरून ही उत्तरे निघत नाहीत. यांच्यासाठी संकल्पना घासूनपुसून घेणारी माणसे लागतात, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला ‘रत्ना’ १९८१ मध्ये बागायतदारांना दिला. त्याच्या आधीची वर्षे त्या संशोधकांनी बसून खाल्ली असे कोणी म्हणत नाही. झाडाला फळ धरायला किती पावसाळे लागतात हे आपल्याला कळते. कल्पनेलाही तितकेच लागतात, हे कळत नाही.

आता टिळक आणि काणे. ज्ञानेश्वरांना मी या वादातून बाजूला ठेवतो. तशी प्रज्ञा शतकांतून एकदा येते आणि तिच्यावरून शिक्षणाचे धोरण आखता येत नाही. टिळकांना मंडालेत लिहायला जो सलग वेळ मिळाला तो तुरुंगाने दिलेला होता, आणि ग्रंथ पुण्याहून येत होते. सहा वर्षांची शिक्षा भोगणे ही अभ्यासाची अट आहे असे कोणी म्हणणार नाही. चिपळूणजवळच्या पेढ्यात जन्मलेल्या काण्यांचा पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये. त्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. पण ते उच्च न्यायालयात वकिली करत होते, वकिलीच्याच घरात वाढलेले होते, आणि पाठीशी भांडारकर संस्था होती, जिच्याकडे सरकारने गोळा केलेली हस्तलिखिते होती आणि जिने त्यांचे खंड छापले. काण्यांएवढीच बुद्धी असलेला पण ज्याच्या घरी पुस्तक नव्हते असा कुळाचा मुलगा त्याच तालुक्यात त्याच वर्षी जन्मलेला असेल. त्याचे खंड आपल्याकडे नाहीत. जे लिहून गेले त्यांच्यावरून ‘लिहिणारा कसाही लिहितो’ असा नियम काढताना, जे लिहू शकले नाहीत ते मोजायचे राहून जातात. इथेही अनुपलब्धीची तीच अट आहे.

शिवाय आपली जुनी विद्या वेतनाशिवाय चालत होती, हेही खरे नाही. कोकणातून पुण्याला शिकायला गेलेली गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. समाज त्यांना पोसत होता, आणि ते मानाचेच समजले जाई. फक्त ती पंगत एका जातीची होती. आजचे विद्यावेतन ती पंगत सगळ्यांना खुली करते. ती खुली झाल्यावरच ‘फुकट खातात’ हा शब्द ऐकू यावा, याचे मला दुःख होते. युरोपातही वेगळे नव्हते. भिंगे घासून पोट भरणारा म्हणून ज्याचे दाखले देतात त्या स्पिनोझालाही त्याच्या मित्राच्या, सिमॉन द व्रिसच्या, घराण्याकडून वर्षासन मिळत होते. कांट १७५५ पासून विद्यार्थ्यांनी दिलेल्या फीवर शिकवत होता. १७७० मध्ये त्याला पगारी प्राध्यापकी मिळाली आणि १७८१ मध्ये त्याचा शुद्ध बुद्धीच्या मीमांसेचा ग्रंथ आला. मधली अकरा वर्षे त्याने जवळजवळ काहीच प्रसिद्ध केले नव्हते.

राहिला निकृष्ट प्रबंधांचा मुद्दा. तो सगळ्यात खरा आहे आणि सगळ्यात कमी लागू पडतो. बढतीसाठी पदवी आवश्यक झाली, की नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, गाईडच्या सोयीने उरकलेले प्रबंध येणारच. त्यावर उपाय पूर्ण वेळ, वेतन घेऊन, दर सहा महिन्यांनी समितीपुढे उभे राहून केलेले संशोधन हाच आहे. म्हणजे ज्या रोगावर विरोधक बोट ठेवतात त्याचेच औषध ते बंद करायला सांगतात. प्रबंध कोणी वाचत नाही, ही तक्रार असेल तर प्रबंध मराठीत लिहिले जावेत. १९७४ चा मराठी तत्त्वज्ञान महाकोश आहे, पुणे विद्यापीठाचे ‘परामर्श’ हे नियतकालिक आहे. परिभाषा नाही ही सबब आता चालणार नाही. आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला मिळाले पाहिजे. सहा-सहा महिने रक्कम अडकली तर खोलीचे भाडे थांबत नाही, आणि ज्या घरून मदत येऊ शकत नाही त्या घरची मुले आधी गळतात. विधिमंडळात प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारावा.

लांज्यात शेवटी एक आक्षेप येतोच: एवढे शिकून ती परत थोडीच येणार? कदाचित येणार नाही. लांज्याची मुले गिरण्यांत गेली, गोदीत गेली, आखातात गेली, आणि परत येणार का असे विचारून कोणी त्यांना एसटीतून उतरवले नाही. भांडारकर मालवणला परतले नाहीत, साने गुरुजी पालगडला परतले नाहीत. तिलाही तेवढेच मोकळे सोडावे. नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते, तत्त्वज्ञानाचा विषय क्रमांक ०३ आहे. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची, मुलींना पाच वर्षांची सवलत. तीन वर्षांची बीए कुठल्याही विषयात असो, आधी तत्त्वज्ञानात एमए करावे लागेल. मुंबई विद्यापीठाचा विभाग कालिन्याला आहे.